चर्चिलसाहेबांचं फार्महाऊस

नेते ‘विश्रांतीसाठी फार्महाऊसवर’ गेल्याची बातमी आली की आपल्याकडे कोपऱ्यावरचा पानवालाही ओळखतो, काहीतरी शिजतंय. विन्स्टन चर्चिल यांनी हा उद्योग दहा वर्षं केला. १९२९ मध्ये गेलेलं मंत्रिपद १९३९ पर्यंत परत मिळालं नाही. मुक्काम केंटमधल्या चार्टवेलला. १९२२ मध्ये पाच हजार पौंडांना घेतलेलं हे घर. तेही बायकोला न विचारता! क्लेमेंटाइनबाई त्याच्या खर्चावरून कुरकुरत राहिल्या, आणि माझं विचाराल तर बाईंचंच बरोबर होतं.

दिवसा साहेब थापी घेऊन बागेच्या भिंतीच्या विटा रचत. १९२८ मध्ये बांधकाम मजुरांच्या युनियनचं कार्डही काढलं होतं. खरं काम, म्हणजे हिटलरच्या जर्मनीच्या युद्धतयारीची माहिती जमवणं, जेवणाच्या टेबलावर आणि त्यानंतर. जर्मनीच्या कारखान्यांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी कचेरीचे प्रमुख डेस्मंड मॉर्टन जवळच राहत, ते शेतं तुडवत यायचे. परराष्ट्र खात्यातले राल्फ विग्रॅम यायचे. ऑक्सफर्डचे प्रोफेसर लिंडेमन विज्ञानातलं किचकट सोपं करून सांगायचे. मग मध्यरात्र उलटेपर्यंत साहेब अभ्यासिकेत येरझाऱ्या घालत मजकूर सांगणार आणि सेक्रेटरी बिचारी उतरवून घेणार. जर्मन विमानांचे आकडे असे पार्लमेंटात पोचत आणि सरकारच्या, म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या, कपाळाला आठ्या पडत.

पण ऐकतो कोण? याला थोडंफार कारण आपण, म्हणजे हिंदुस्थान. आपल्या स्वराज्याविरुद्धही त्यांनी इतक्याच त्वेषाने रान उठवलं होतं. वर्षानुवर्षं ‘साम्राज्य बुडालं’ म्हणून कंठशोष करणारा माणूस हिटलरबद्दल बोलू लागला, तेव्हा लोक म्हणाले, झालं यांचं सुरू! गंमत म्हणजे १९३५ मध्ये स्वराज्याविरुद्धची ती लढाई हरल्यावर त्यांनी गांधीजींचे स्नेही घनश्यामदास बिर्ला यांना चार्टवेललाच जेवायला बोलावलं. पाहुणे आले तेव्हा यजमान बागेत, कामाच्या ॲप्रनमध्ये. अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिल्यापासून गांधींबद्दल आपला आदर वाढलाय, असंही त्यांनी सांगून टाकलं.

१९३८ मध्ये शेअर बाजारात हात पोळले, घर विकायला निघालं. हेन्री स्ट्राकॉश या धनिक मित्राने भार उचलला म्हणून वाचलं. युद्धात मात्र ते बहुतेक बंदच राहिलं. साहेबांची हौसेची तळी जर्मन वैमानिकांना वरून चटकन ओळखू येतील, म्हणून झाडझाडोरा पसरून झाकून टाकावी लागली.