३५३ आणि एक बटण

परवा माझा एक ३५३ सुटला, म्हणजे सरकारी नोकराला ड्युटीवर अडवायला अंगावर गेल्याच्या कलमातला माझा अशील. २०१९ ची केस. भाजीचा टेम्पो नो एंट्रीत घातला, ट्रॅफिक हवालदाराने चावी काढून घेतली (हा अधिकार कुठल्या कलमात आहे ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही), पोराने कॉलर धरली, शर्टाचं बटण तुटलं. एवढंच. पण २०१८ पासून महाराष्ट्रात ३५३ ची शिक्षा दोनाची पाच वर्षं झाली आणि केस सेशन्सला गेली, त्यामुळे पोरगा अकरा दिवस आत. आता नव्या भारतीय न्याय संहितेत त्याच गुन्ह्याच्या कलम १३२ ला परत दोनच वर्षं आहेत, पण आमचा गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा.

लोकांना वाटतं अशा केसमध्ये झटापट झाली की नाही यावरच सगळं असतं. मी आधी स्टेशन डायरी (ठाण्याची रोजची नोंदवही) काढतो, हवालदारसाहेब त्या टायमाला त्या पॉइंटवर ड्युटीला होते याचा कागद आहे का. इथे होता. पंच नेहमीचाच, चौकीसमोरचा चहावाला, तो फितूर झाला. राहिला मुद्देमाल. शर्ट जप्त केला चौथ्या दिवशी, का ते तपास अधिकाऱ्यालाच माहीत. कोर्टात सील फोडलं तर सगळी बटणं जागेवर! उलटतपासात हवालदाराला विचारलं,

"या शर्टाला सगळी बटणं आहेत, बरोबर?"

"बरोबर."

मी खाली बसलो. सरकारी वकिलांनी फेरतपासणी घेतली नाही, बोर्डावर इतकी मॅटर होती की त्यांनी शर्टाकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. निर्दोष.

निकालानंतर कँटीनमध्ये हवालदार शेजारी येऊन बसला. राग नाही काही नाही. म्हणाला, "वकीलसाहेब, बटण तुटलंच होतं हो. दुसऱ्या दिवशी बंदोबस्त, दुसरा ड्रेस धुवायला, मग बायकोने लावून दिलं. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

उत्तर माहीत नसेल तर उलटतपासात प्रश्न विचारायचा नाही हे सिनिअरने शिकवलेलं. पण मला उत्तर माहीत होतं ना. वरून दुसरं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं, हातात घेतल्या घेतल्या दिसलं होतं.

"शर्ट परत मिळंल का?" त्याने विचारलं.

ऑर्डरमध्ये शेवटची ओळ आहे, मुद्देमाल अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करावा. मी म्हटलं, अर्ज करून बघा.