हरण्याला बक्षीस नको

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये ज्या संघाचा हंगाम सगळ्यांत वाईट जातो, त्याला पुढच्या ड्राफ्टमधला सगळ्यांत गुणी पोरगा मिळायची शक्यता सगळ्यांत जास्त असते. दुबळ्याला हात द्यावा, हा त्यामागचा हेतू. त्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण मी बफेलोत राहते, सेबर्सची पाठीराखी आहे, आणि या नियमाच्या नादी लागून माझ्या संघाची कशी वाताहत झाली ते मी जवळून पाहिलंय. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आइस हॉकी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ड्राफ्ट म्हणजे अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची निवड. संघ पाळीपाळीनं एकेक मुलगा निवडतात, मुलाला मात्र संघ निवडता येत नाही. ही पद्धत 1963 पासूनची. पूर्वी तळाच्या संघाचा पहिला नंबर ठरलेलाच असायचा, आणि त्यातूनच सगळं सुरू झालं.

1984 चं वर्ष घ्या. त्या साली ड्राफ्टला मारियो लेम्यू येणार होता. असा खेळाडू पिढीतून एकदा जन्मतो, हे सगळ्यांना दिसत होतं. तळाशी होते पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स. मार्चमध्ये पिट्सबर्गनं आपला सगळ्यांत चांगला बचावपटू रँडी कार्लाइल विनिपेगला देऊन टाकला. गोलरक्षक रोबेर्तो रोमानो बरा खेळत होता, त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं. हंगाम संपला तेव्हा डेव्हिल्सचे 41 गुण, पिट्सबर्गचे 38. लेम्यू पिट्सबर्गला मिळाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली 1991 आणि 1992 ला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्या गावात गेलं. हरण्यातून किती मिळू शकतं, हे तेव्हा सगळ्या लीगनं पाहिलं.

पुढे 1993 मध्ये ओटावा सेनेटर्सबद्दल कुजबुज सुरू झाली की ड्राफ्टला येणारा अलेक्झांडर डेग हाती लागावा म्हणून ते मुद्दाम हरले. लीगनं चौकशी केली. संघ मुद्दाम हरला असं काही निघालं नाही, पण मालकाच्या वक्तव्यांबद्दल 1 लाख डॉलर दंड झाला. 1995 पासून पहिला नंबर ठरवायला लॉटरी आली.

लॉटरीचं यंत्र साधं आहे. 1 ते 14 आकड्यांचे चौदा चेंडू, त्यातले चार बाहेर येतात. चौदातून चार निवडायच्या 1,001 जोडण्या होतात. त्यातली एक बाद करतात आणि उरलेल्या हजार जोडण्या प्लेऑफला, म्हणजे कपासाठीच्या बाद फेरीला, न पोचलेल्या संघांत वाटून देतात. तळाच्याला सगळ्यांत जास्त, वर जावं तशा कमी. 2025 पासून ही सोडत टीव्हीवर थेट दाखवतात, एकेक चेंडू वर येताना दिसतो आणि खाली टक्के बदलत जातात. त्या वर्षी खालून दहावा असलेला न्यूयॉर्क आयलंडर्स 3.5 टक्के शक्यतेवर पहिला आला आणि त्यांना बचावपटू मॅथ्यू शेफर मिळाला. तळाचा सॅन होजे दुसऱ्या नंबरावर घसरला. बघायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण शक्यता कमी केली म्हणून मोह कमी होत नाही. त्याचा पुरावा आमच्या गावात आहे.

2014-15 चा हंगाम. ड्राफ्टला येणाऱ्या कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल यांची नावं वर्षभर आधीपासून सगळ्यांच्या तोंडी होती. नियम असा होता की तळाच्या संघाला लॉटरी लागण्याची शक्यता 20 टक्के, आणि नाही लागली तरी तो दुसऱ्या नंबराच्या खाली जाणार नाही. म्हणजे शेवटचा आलात की दोघांतला एक नक्की. आमच्याकडे योनास एनरोथ आणि मिखाल नोयविर्थ हे दोन गोलरक्षक संघाला सामने जिंकून देत होते. फेब्रुवारीत एनरोथ गेला डॅलसला, मार्चमध्ये नोयविर्थ आयलंडर्सला. पिट्सबर्गचीच जुनी युक्ती, एकतीस वर्षांनी.

26 मार्चला अॅरिझोना कायोटीज आमच्याकडे खेळायला आले. तळाच्या दोन संघांचा सामना, आणि स्टेडियम भरलेलं. अॅरिझोनानं गोल केला की टाळ्या. ओव्हरटाइममध्ये सॅम गॅग्नेरनं निर्णायक गोल मारला आणि आमच्याच निळ्या जर्सीतल्या लोकांनी उभं राहून जल्लोष केला. मी त्या गर्दीत होते. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा सेबर्सच्या जुन्या स्टेडियमच्या, ऑडिटोरियमच्या काळापासून तिकीट काढणारे, ते तेवढे बसून राहिले. बर्फावर आमची पोरं मान खाली घालून रांगेनं आत जात होती. बचावपटू माइक वेबरनं नंतर पत्रकारांसमोर चाहत्यांबद्दलची नाराजी स्पष्ट बोलून दाखवली. मला आजही तो बरोबर वाटतो. त्यानं काय करायचं होतं? हरायचं? त्याचा पगार, त्याचं पुढचं कंत्राट सगळं जिंकण्यावर होतं. हरण्याचा हिशोब ऑफिसात बसणारे करतात, बर्फावर अंगावर मार घेणाऱ्याला तो करताच येत नाही.

हंगामाअखेर आम्ही तळाशी: 23 विजय, 54 गुण. अॅरिझोनाचे 56. एप्रिलमध्ये लॉटरी निघाली आणि मॅकडेव्हिड गेला एडमंटनला. त्यांची शक्यता होती 11.5 टक्के. 2010, 2011 आणि 2012 असा तीन वर्षं सलग पहिला नंबर त्यांनाच मिळालेला होता, हा चौथा. आम्हाला आयकल मिळाला.

आता पुढचं वाचा, कारण खरी गोष्ट इथं आहे. त्याच्या आदल्या वर्षीही आम्ही तळाशी होतो, तेव्हा दुसऱ्या नंबरावर सॅम राइनहार्ट मिळाला होता. 2015 लाच रायन ओरायली ट्रेडमधून, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत आला. म्हणजे तीन उत्तम खेळाडू एकाच ड्रेसिंग रूममध्ये. तरी 2011-12 पासून 2024-25 पर्यंत सलग 14 हंगाम सेबर्सना प्लेऑफ दिसलं नाही. लीगच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नव्हता. मधल्या काळात 2018 आणि 2021 ला पहिला नंबरही मिळाला, रास्मस डालीन आणि ओवेन पॉवर आले, तरीही. ओरायलीला 2018 मध्ये सेंट लुइसला पाठवलं, पुढच्याच वर्षी त्यानं कप जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. आयकल व्हेगसला गेला, 2023 ला कप. राइनहार्ट फ्लोरिडाला गेला, आणि 2024 च्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यात विजयी गोल त्याचाच. तिन्ही वेळा मला आनंद झाला आणि तिन्ही वेळा पोटात तुटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: हरायची सवय एकदा लावून घेतली की ती बटण दाबून बंद करता येत नाही. विशी-बाविशीतली पोरं ज्या ड्रेसिंग रूममध्ये वाढतात, तिथं हरणं हीच योजना असेल तर ती जिंकायला शिकणार कुणाकडून? अनुभवी माणसं तर आधीच विकून टाकलेली असतात.

याउलट सॅलरी कॅपबद्दल, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेबद्दल, मला चांगलंच बोलायचंय, जरी त्यासाठी 2004-05 चा अख्खा हंगाम बुडाला होता. कॅप यायच्या आधी डेट्रॉइटसारखा श्रीमंत क्लब पगारावर साडेसात कोटी डॉलरच्या वर खर्च करायचा आणि छोट्या गावांच्या क्लबना त्याच्या निम्म्यावर भागवावं लागायचं. क्वेबेक नॉर्डिक्सची हकीकत आठवते. 1989, 1990, 1991, तीन वर्षं ओळीनं पहिला नंबर त्यांचा. 1991 ला निवडलेल्या एरिक लिंड्रोसनं तिथं खेळायला साफ नकार दिला, त्याच्या बदल्यात पीटर फोर्सबर्गसह खेळाडूंचा ताफा आणि दीड कोटी डॉलर आले. संघ सुरेख घडला. पण कॅनेडियन डॉलरमध्ये कमवायचं आणि अमेरिकन डॉलरमध्ये पगार द्यायचे, हे गणित जुळेना. 1995 मध्ये क्लब डेन्व्हरला हलला आणि 1996 ला तिथं कप जिंकला. क्वेबेक सिटीतल्या लोकांनी तीन वर्षं तळाशी बसून जे पेरलं, ते उगवलं दुसऱ्याच्या शेतात.

2005-06 ला कॅप आली ती 3 कोटी 90 लाख डॉलरची, 24 टक्के पगारकपातीसह. 2025-26 साठी ती 9 कोटी 55 लाख ठरली. तिनं काय केलं? 2006 ते 2025 या वीस कपांचे मानकरी मोजा: तेरा वेगवेगळे संघ. 2019 चा विजेता सेंट लुइस त्याच हंगामात जानेवारीच्या सुरुवातीला अख्ख्या लीगमध्ये शेवटचा होता. कॅपचा फटका जिंकणाऱ्यालाच बसतो, हे मला त्यातलं सगळ्यांत न्याय्य वाटतं. शिकागोनं 2010 ला कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात डस्टिन बफलिन, अँड्र्यू लॅड, क्रिस व्हर्स्टीग यांना सोडावं लागलं. चांगले खेळाडू असे दुसरीकडे पसरतात. तरी शिकागोनं 2013 आणि 2015 ला पुन्हा जिंकून दाखवलं, म्हणजे नीट काम करणाऱ्याला कॅप अडवतही नाही.

पळवाटा आहेत, हे मान्य. कॅपला खालचीही मर्यादा असते, तिच्यापेक्षा कमी खर्च करता येत नाही. अॅरिझोनानं ती गाठायला क्रिस प्राँगर आणि पावेल डात्स्यूक यांची कंत्राटं घेतली होती. एकाची कारकीर्द दुखापतीनं संपलेली, दुसरा रशियाला परतलेला. कागदावर खर्च दिसला, बर्फावर कुणी आलं नाही. दुसरी पळवाट जखमींच्या यादीची. 2021 ला टँपा बेचा निकिता कुचेरोव खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे साखळी सामन्यांचा पूर्ण हंगाम बाहेर होता. प्लेऑफला कॅप लागू नव्हती. तो परतला, गोल आणि गोलसाठीचे पास मिळून 32 गुण मिळवून सगळ्यांच्या पुढे राहिला आणि संघ कप घेऊन गेला, तेव्हा त्यांचे पगार कॅपच्या जवळपास 1 कोटी 80 लाख डॉलर वर होते. नियमात बसत होतं, पण योग्य नव्हतं. आता प्लेऑफमध्येही कॅप लागू केली, फार बरं झालं. फ्लोरिडा, टेक्सास, नेव्हाडामध्ये राज्याचा आयकर नाही आणि तिथल्या खेळाडूच्या हातात जास्त पैसे पडतात, हाही मुद्दा खरा, पण तो फार ताणू नये. हेच कर वीस वर्षांपूर्वीही होते, तेव्हा फ्लोरिडा वर्षानुवर्षं प्लेऑफच्या बाहेर असायचा.

तर मग तळाच्या संघाचं काय करायचं? उत्तर याच खेळात आहे, बायकांच्या लीगमध्ये. पीडब्ल्यूएचएलनं पहिल्या हंगामापासून वेगळा नियम ठेवला: प्लेऑफच्या शर्यतीतून बाद झाल्यावर तुम्ही जे गुण कमावता ते मोजायचे, आणि ज्याचे जास्त त्याचा ड्राफ्टमध्ये पहिला नंबर. जो दुबळा तो लवकर बाद होतो, म्हणून त्याच्या हातात गुण कमवायला जास्त सामने उरतात. मदत दुबळ्यालाच मिळते, पण जिंकून. मार्चमध्ये गोलरक्षक विकायची सोय राहत नाही. माइक वेबरसारख्याला हवं ते आणि ऑफिसला हवं ते एकच होतं.

यावर एनएचएलवाल्यांचा आक्षेप असा की खरोखर दुबळा संघ बाद झाल्यावर तरी कुठून जिंकणार, मग पहिला नंबर मधल्याच कुणाला जाईल. तसं कधी होईलही. पण लॉटरीत दहाव्याला गेला तो कशाच्या जोरावर गेला? चेंडूच्या. पीडब्ल्यूएचएलच्या पहिल्या, 2024 च्या हंगामात शेवटचा आला होता न्यूयॉर्कचा संघ, आणि या नियमानं पहिला नंबरही त्यांनीच कमावला. त्यांनी सेरा फिलिएरला घेतलं.