दुरुस्ती करणारी एन्झाइमे आणि प्रतिपिंडे : एम.एस्सी.च्या सेमिनारचा माझा अनुभव

नागपूर विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना सेमिनारसाठी मी प्रतिपिंडांच्या, म्हणजे जंतूंना ओळखून धरणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांतील उत्परिवर्तन (डीएनएतील बदल) हा विषय घेतला. मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली: कोणत्याही एन्झाइमचे नाव घेण्यापूर्वी ते शरीरातील इतर पेशींत कोणते काम करते, हे मला सांगता आले पाहिजे. या अटीमुळेच विषय उलगडला, असे मला आजही वाटते.

सुरुवातीचा भाग लवकर हाती आला. प्रतिपिंडांची जनुके बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) घडताना तुकडे जोडून तयार होतात, हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवले. रॅग-१ व रॅग-२ ही प्रथिने डीएनए कापतात आणि कापलेली टोके जोडण्याचे काम पेशीची नेहमीची दुरुस्ती यंत्रणा करते. तिच्यातील आर्टेमिस हे प्रथिन सदोष असलेल्या बालकांत बी पेशी आणि प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे टी पेशी, तयारच होत नाहीत, शिवाय त्यांच्या पेशी क्ष-किरणांनाही फार संवेदनशील असतात. दुरुस्ती आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध मला इथे प्रथम स्पष्ट दिसला.

खरी कसोटी पुढे होती. नागपूरचे ऊन तापू लागले होते आणि मी दुपारभर ग्रंथालयात ‘एड’ या एन्झाइमवरील शोधनिबंध वाचत बसे. तासुकु होंजो यांच्या गटाने १९९९ मध्ये वर्णिलेले हे एन्झाइम लसिका ग्रंथींतील बी पेशींमध्ये प्रतिपिंडाच्या जनुकातील सायटोसिनचे (डीएनएच्या ए, टी, सी, जी या चार अक्षरांपैकी सीचे) यूरॅसिल, म्हणजे डीएनएत एरवी नसणारे अक्षर, करते. डीएनएमधील यूरॅसिल काढून टाकणारे एन्झाइम टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्येच शोधले होते, आणि २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांच्याबरोबर पॉल मॉड्रिच यांचा डीएनएतील अक्षरांच्या चुकीच्या जोड्या दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेसाठी गौरव झाला. मग या दोन्ही यंत्रणा हजर असताना उत्परिवर्तने टिकतात कशी, हा प्रश्न मला सोडत नव्हता.

उत्तर वाचले तेव्हा मी अक्षरशः थक्क झाले. या दोन्ही यंत्रणा यूरॅसिल ओळखतात, पण रिकामी झालेली जागा भरण्यासाठी इथे पॉलिमरेज-ईटासारखी, अचूकतेत कमी पडणारी एन्झाइमे येतात, आणि त्यामुळे मूळ यूरॅसिलच्या आसपासच्या ए-टी जोड्यांतही बदल होतात. उत्परिवर्तनाचा वेग एरवीच्या सुमारे दहा लाख पट होतो. त्यातून प्रतिजनाला (प्रतिपिंड ज्याला चिकटते त्या पदार्थाला) अधिक घट्ट धरणाऱ्या पेशी निवडल्या जातात. हेच पॉलिमरेज-ईटा त्वचेत मात्र सूर्यप्रकाशाने बिघडलेल्या डीएनएची नक्कल बिनचूक करते. ज्यांच्यात ते नसते, त्यांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो आणि त्यांच्या प्रतिपिंडांत ए-टी जोड्यांवरील बदल कमी आढळतात. मॅडमच्या अटीचा अर्थ मला या एका उदाहरणाने कळला, म्हणून सादरीकरणात सर्वाधिक वेळ मी त्यालाच दिला.

परीक्षकांनी विचारले, “यूरॅसिल काढणारे एन्झाइमच नसेल तर?” मी सांगितले की अशा रुग्णांत प्रतिपिंडाचा आयजीएम या प्रकारापासून आयजीजी या प्रकाराकडे होणारा बदल खुंटतो, कारण त्यासाठी लागणारे डीएनएतील छेद पुरेसे होत नाहीत, आणि न काढलेल्या यूरॅसिलची नक्कल थायमिनसारखी होत असल्यामुळे सी-जी जोड्यांवर मुख्यतः सीचे टी आणि जीचे ए एवढेच बदल दिसतात. त्यांनी ते फळ्यावर काढून दाखवायला सांगितले, मी काढले, आणि सेमिनार मान्य झाला.