कोचीतला एक दिवस, आईसोबत

आज पायांचे पार तुकडे पडलेत पण लिहून ठेवतेच, उद्यावर टाकलं की राहून जातं.

सकाळी एर्नाकुलमहून बोटीने फोर्ट कोचीला आलो. उतरल्या उतरल्या ती चिनी जाळी, फोटोत कितीदा बघितलेली, पण खरी गंमत ती वर येताना बघण्यात आहे. लाकडी वाशांचं अवाढव्य धूड, मागे दोरांना मोठमोठे दगड बांधलेले, चार-पाच माणसं मिळून दोर ओढतात आणि दगडांच्या वजनाने जाळं हळूहळू पाण्याबाहेर येतं. मासळी म्हणाल तर मूठभर. आई वेंगुर्ल्याची, किनाऱ्यावरून ओढायची रापण बघत वाढलेली, ती बराच वेळ एकटक बघत उभी होती, मग म्हणाली एवढ्या मेहनतीला एवढंच?

मग सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला, त्याला इथेच पुरलं होतं, नंतर १५३९ च्या सुमारास अवशेष पोर्तुगालला नेले, आता नुसता दगड आहे. वर कापडी पंखे टांगलेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात, म्हणजे ओढणारा माणूस बाहेर उन्हात आणि आत प्रार्थना करणाऱ्यांना वारा. मी चर्चपेक्षा त्या दोऱ्यांकडेच जास्त बघत बसले.

रिक्षाने मट्टनचेरीला गेलो. डच पॅलेस म्हणतात तो खरा पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला, डचांनी फक्त नंतर दुरुस्त केला. आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत, अंधारात डोळे सरावले की एकेक चेहरा दिसायला लागतो, घाई करू नये तिथे. पुढे ज्यू टाऊनमध्ये सुंठीमिरीचा वास आणि गल्लीच्या टोकाला १५६८ चं सिनेगॉग. नाव परदेशी सिनेगॉग, आपला परदेशी शब्द तोच आणि अर्थही तोच, बाहेरून आलेल्या ज्यूंचं म्हणून. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, हाताने रंगवलेल्या. आता इथे ज्यू अगदी बोटावर मोजण्याइतके उरलेत, बाकीचे इस्रायलला गेले. मला आपल्या अलिबागकडचे शनवार तेली आठवले, मराठी बोलणारे बेने इस्रायल, त्यांच्यातलेही बहुतेक असेच गेले.

पण आजचा दिवस खरा मट्टनचेरीतल्या चेरलाईचा. तिरुमला देवस्वमचं देऊळ बघायचं म्हणून संध्याकाळी तिकडे वळलो आणि एका पापडांच्या छोट्या दुकानात आई दर विचारायला थांबली, तोडक्यामोडक्या हिंदीत. आतल्या आजी मागे वळून कोणाला तरी काहीतरी म्हणाल्या आणि आई एकदम गप्प झाली. कोकणी! मग आईने सरळ मालवणीत सुरुवात केली. आजींनी डोळे मोठे करून विचारलं, "तुमगेले घर खंय?" आई म्हणाली वेंगुर्ला, आणि त्यानंतर पाऊण तास मी नुसती उभी. अर्धे शब्द मल्याळमच्या हेलात निसटत होते तरी दोघींचं अडलं नाही, अळूवडीला पत्रोडो म्हणण्यापासून तिच्यात डाळ कुठली घालायची इथपर्यंत सगळं झालं.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून ही कोकणी बोलणारी माणसं देव घेऊन निघाली आणि कोचीच्या राजाच्या आसऱ्याला आली. म्हणजे ज्यांच्या वास्कोचा दगड सकाळी बघितला त्यांच्याचमुळे. आणि गंमत म्हणजे फोर्ट कोचीत तेव्हा तेच पोर्तुगीज, पलीकडे मट्टनचेरीत राजाच्या हद्दीत ही माणसं, मध्ये चालत जायचं अंतर. हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि आईच्या तोंडासमोर बघणं वेगळं.

आणि अजून एक, जे मला फार आवडतं. डच अधिकारी व्हान रेडेने मलबारच्या वनस्पतींचा १२ खंडांचा ग्रंथ केला, हॉर्टस मलबारिकस, छापला ॲमस्टरडॅममध्ये १६७८ पासून. त्यासाठी मदत करणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युदन होते आणि कोचीचे तीन कोकणी वैद्य, रंगा भट, विनायक पंडित, आप्पू भट. या तिघांनी १६७५ साली कोकणीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय, नागरी लिपीत! साडेतीनशे वर्षांपूर्वीची ती अक्षरं आपल्याला आजही लावता येतात. फोनवर त्या पानाचा फोटो होता, आजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला, एकेक अक्षर लावत दोन शब्द वाचले आणि मग नातवाला हाक मारली, ये बघ.

पैसे घ्यायला तयार नव्हत्या, आईने जबरदस्तीने ठेवले. पापडांची तीन पाकिटं बॅगेत साड्यांच्या मधे नीट बसवलीत.

आत्ता साडेदहा वाजलेत, आई बाल्कनीत मावशीला फोन लावून बसलीये आणि त्या आजींचं बोलणं त्यांच्याच हेलात म्हणून दाखवतेय, तुमगेले, तुमगेले.