तिसरी दोरी

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या आहेत. त्यातली तिसरी दीड महिन्यापासून बंद आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी तिच्या टोकाला कचरा लोंबकळताना दिसला. वाळक्या पानांचे तुकडे, सालपटं, धागे, आणि हे सगळं जळमटांनी लपेटलेलं. सासूबाई केरसुणी घेऊन आल्याच होत्या, तेवढ्यात त्या कचऱ्याच्या पोटातून एक बाकदार चोच बाहेर आली.

शिंजीर! अंगठ्याएवढा जीव, दहा ग्रॅमही भरणार नाही. घरटं बांधत होती ती एकटी मादीच. दारावर पाऊस लागू नये म्हणून छोटीशी पडवीसुद्धा काढली तिनं. नर समोरच्या जास्वंदीवर बसून नुसता चिवचिवत होता. सासूबाई एकदा नराकडे आणि एकदा पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांकडे बघून हसल्या. (पिल्लं झाल्यावर तोही चारायला येऊ लागला, हे सासऱ्यांनी आम्हाला दोनदा दाखवलं.)

तेव्हापासून जळमटं काढणं बंद. तिला लागतात ना! ओले टॉवेल खुर्च्यांवर. गॅलरीचा दिवा रात्री लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याचं घरटं विस्कटणंही शिकारीतच धरलंय, असं मी घरात ऐटीत सांगितलं. पण कायद्याच्या आधी केरसुणी थांबली होती, हे खरं.

या सगळ्याचं मला भारी कौतुक. जुन्नरला दादाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझी दोरी गेली. आमची कालवड गेली गोठ्यातनं."

तिकडे उसात बिबट्या नांदतो. मादी उसातच वीत असते. तोडणीला बछडे सापडले की वनखात्याची माणसं ते तिथंच ठेवून आई येईपर्यंत लांब थांबतात, आणि बहुतेकदा ती रात्री येऊन एकेक उचलून नेते. हे ऐकायला फार गोड वाटतं. पण वीज रात्रीची असली की त्याच उसात दादाला दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जावं लागतं. हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं गाणी. तिकडे माणसंही गेलीत. वाघ-बिबटे वाचवा म्हणणाऱ्या आम्हा शहरातल्यांची किंमत एका दोरीवर भागते. बाकीची दादासारखे लोक भरतात, आणि तीही कुरकुरत का होईना, भरतात.

परवा त्याचा फोन आला. मी आधी पंचनाम्याचं विचारलं.

"झाला. पैसे येतील तेव्हा खरं. ते राहू दे, तुझी पिल्लं उडाली का?"

मी ओला पंचा खांद्यावर टाकून गॅलरीच्या दाराआडून बघितलं.

"एक उडालं. दुसरं अजून पडवीत बसलंय."

"बसू दे," दादा म्हणाला. "घाई करू नको."