तेरीज जुळली तरी

हिशेबाच्या कामात नव्याने लागलेल्याला आधी शिकवतात त्या चूक शोधायच्या युक्त्या. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळत नाही? आलेल्या फरकाला नवाने भाग. नि:शेष भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले की फरक ९०० चा. नाही गेला, तर फरक निम्मा कर आणि ती रक्कम शोध. जमेची रक्कम नावेला पडली, तर फरक दुप्पट दिसतो. यात मजा येते. चूक म्हणजे कोडं होऊन बसतं, आणि कोडं सुटलं की ते कोणी घातलं हे कोण विचारतंय!

फरक सापडलाच नाही, तर तो तात्पुरता उचंत खात्यात टाकायची सोय आहेच. असं एक उचंत खातं प्रत्येक नवख्याच्या डोक्यातही असतं. ‘मला तसंच सांगितलं होतं’, ‘घाई फार होती’, ‘कागद उशिरा आला’ असं सगळं तिथे जमा. त्यातली निम्मी कारणं खरी असतात, म्हणून तर ते खातं लवकर बंद होत नाही.

खरी पंचाईत तेरीज जुळते तेव्हा. एकाची रक्कम दुसऱ्याच्याच नावावर टाकली, एखादी नोंद दोन्हीकडून राहून गेली, किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, तरी बेरजा चोख येतात. आता तर दोन्ही बाजू समान असल्याशिवाय सॉफ्टवेअर बहुतेक वेळा नोंद घेतच नाही. म्हणजे उरल्या त्या याच चुका, न बोलणाऱ्या. आठवड्याने जुने कागद चाळताना त्या दिसतात, आणि बहुधा करणाऱ्यालाच.

कागदी वह्यांची शिस्त मला म्हणूनच आवडते. तिथे खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा, शेजारी छोटी सही. चुकीच्या आकड्याला सही नव्हती, दुरुस्तीला लागते. पहिल्यांदा ती करताना नवख्याचा हात अडखळतो, कारण आतापर्यंत त्याने नाव घातलं ते फक्त चांगल्या कामाखाली.

आणि वरिष्ठांचं म्हणाल, तर समजूतदार वरिष्ठ अशा वेळी फारसे बोलत नाहीत. मूळ व्हाउचर तेवढं मागतात.