गुरुवारच्या शर्यती, कोजागिरीची वही

पुण्यात शिडाच्या होड्यांच्या शर्यती, त्याही गुरुवारी संध्याकाळी, हे ऐकून माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, गुरुवारीच का? भोसरी-पिंपरीकडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि आमच्या मंडळातले निम्मेअधिक सभासद तिकडचेच होते: टूलरूममधले, ड्रॉइंग ऑफिसमधले, एक-दोन फाउंड्रीवाले. उरलेले आम्ही बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून काहीतरी सबब काढून चार वाजता सटकणारे. दत्ताचा वार म्हणून काहींचा उपासही असायचा. शर्यत संपली की काठावर साबुदाण्याच्या खिचडीचे डबे उघडत आणि उपास नसलेलेच त्यांवर आधी तुटून पडत.

पण मला लिहायचं आहे ते त्या गुरुवारांबद्दल कमी आणि त्या सगळ्यांचा हिशेब ज्या रात्री व्हायचा त्या कोजागिरीबद्दल जास्त.

आमचा मोसम होळीपासून मृगापर्यंत. दिवसभर तापलेल्या पुण्यात चारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, आणि खडकवासल्याच्या लांबट पाण्यावर तो बरा मिळतो. हिवाळ्यात वारा आळशी. पावसाळ्यात भरपूर, पण तेव्हा पाण्यात उतरायचंच नाही. मंडळातल्या ज्येष्ठांनी १२ जुलै १९६१ चा पूर पाहिला होता. पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं, हे त्यांच्याकडून ऐकलेल्या कोणी या नियमावर कधी वाद घातला नाही. (बाकी प्रत्येक नियमावर घातला.) पहिल्या पावसाला होड्या उलट्या होऊन ताडपत्रीखाली जायच्या, त्यानंतर मंडळ भेटायचं ते थेट आश्विनातल्या पौर्णिमेला. मधल्या महिन्यांचा फायदा असा, की भांडणांतला राग उतरलेला असे आणि तपशील मात्र एकही कोणी विसरलेलं नसे.

जागा ठरलेली, कर्वेनगरातल्या एका सभासदांची गच्ची. सतरंज्या, भेळ, मोठ्या पातेल्यात आटत असलेलं दूध आणि त्यात जायफळ किती यावरून सुरू असलेली कुजबुज. बक्षीस समारंभ दहा मिनिटांत उरकायचा. मग कमांडरसाहेब, म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले आमचे कर्तेधर्ते, पिशवीतून दोनशे पानी वही काढायचे आणि गच्ची गप्प व्हायची.

त्या वहीत चुका होत्या. दर गुरुवारी ज्याच्याकडे झेंडे आणि भोंगा असेल त्याने त्या दिवसाची एकच चूक लिहायची, नाव न घालता. कोजागिरीला ती वाचली जायची आणि कोणाची ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखणं फारसं अवघड नसे. वाचन सुरू असताना जो चंद्राकडे बघू लागे त्याची.

ही वही निघाली गुणांच्या पद्धतीतून. शिडाच्या शर्यतीत पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ज्याची बेरीज कमी तो जिंकला. आणि मालिकेतला प्रत्येकाचा सर्वांत वाईट निकाल बेरजेतून वगळायचा. पद्धत न्याय्य आहे. एखाद्या दिवशी दोर तुटतो, एखाद्या दिवशी जोडीदारच येत नाही. पण कमांडरसाहेबांना ते खटकायचं. आपण नेमका तोच गुरुवार वगळतो ज्या दिवशी सगळ्यात जास्त शिकायला मिळालेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. "बेरजेतून काढा, डोक्यातून काढू नका." म्हणून तक्त्यातून गेलेल्या शर्यती वहीत आल्या. मंडळाने केलेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट, असं माझं मत आहे. शहाणपणाच्या गोष्टी मंडळाने तशा कमीच केल्या.

वहीची सर्वांत जास्त पानं सुरुवातीच्या रेषेने खाल्ली होती. पाच मिनिटं आधी पहिला झेंडा आणि भोंगा, चार मिनिटं उरली की दुसरा, शेवटच्या मिनिटाला तो खाली, आणि मग सुटायचं. कागदावर सोपं आहे. पण होडीला ब्रेक नसतो. रेषेवर लवकर पोहोचलात तर थांबता येत नाही, भोंग्याआधी ओलांडलीत तर परत मागे येऊन पुन्हा निघावं लागतं, आणि तोवर बाकीचे निम्म्या वाटेला लागलेले असतात. त्यात आमच्याकडे सगळ्या होड्या रेषेच्या उजव्या टोकाला, पंचांच्या होडीजवळ, गर्दी करायच्या.

एका कोजागिरीला गणिताच्या बाईंनी हे प्रकरण हातात घेतलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, स्वतः होडीत कधी बसल्या नाहीत, पण घड्याळ धरायला त्यांच्यासारखं कोणी नव्हतं. त्यांनी गच्चीवर खडूने रेषा ओढली. समजा, रेषा शंभर मीटरची आणि वाऱ्याला काटकोनात. आता वारा दहा अंशांनी डावीकडे सरकला. डावं टोक उजव्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेने किती पुढे गेलं? त्यांनी साइनचं कोष्टक तोंडपाठ सांगितलं आणि उत्तर लिहिलं: सतरा मीटर. आमच्या होड्या साधारण चार मीटरच्या. म्हणजे चार होड्यांची आघाडी डाव्या टोकाला फुकट पडलेली होती.

"आणि तुम्ही सगळे कुठे होतात?" बाईंनी वर्गात विचारतात तसं विचारलं.

"उजवीकडे," फाउंड्रीवाले काका म्हणाले.

"का?"

"सगळे तिथेच होते म्हणून."

पुढच्या मोसमात शर्यतीआधी रेषेच्या मध्यावर होडी वाऱ्याला तोंड करून धरायची आणि नाक कुठल्या टोकाकडे झुकतं ते बघायचं, ही सवय सगळ्यांना लागली. त्याचा परिणाम असा की सगळे डाव्या टोकाला गर्दी करू लागले. ती चूक पुढच्या कोजागिरीला.

होड्यांबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या एंटरप्राइझ, निळ्या शिडांच्या, दोघांनी चालवायच्या. मूळ आराखडा इंग्लंडच्या जॅक होल्ट यांचा, १९५६ सालचा. १९८२ च्या एशियाडमध्ये मुंबईच्या समुद्रात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या होडीच्या वर्गात सुवर्णपदक मिळवलं, त्या भरात मंडळातले पहिले लोक एकत्र आले होते. पदकाचं स्वप्न लवकरच ओसरलं. होड्या जुन्या, लाकडी. दर वर्षी एखादी नव्या जागी गळायची. पलीकडे एनडीएच्या पीकॉक बेमध्ये कॅडेट्सच्या होड्या रांगेत वळताना दिसायच्या. तिकडे बघून आमचे लोक थोडा वेळ ताठ बसायचे.

खडकवासल्याचं पाणी वरून पानशेत-वरसगावातून येतं आणि खाली शहराला नि कालव्याला जातं. त्यामुळे पातळी एका गुरुवारची दुसऱ्या गुरुवारी नसते. खोल पाण्यात होडी कलंडली तर घाबरायचं कारण नाही: बाहेर आलेल्या सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली सोडलेल्या फळीवर, उभं राहायचं, होडीची कड धरून मागे रेलायचं, ती उठते. उथळात मात्र ती उलटी होऊ लागली की डोलकाठीचं टोक गाळात रुततं. एका जोडप्याची होडी अशी रुतली. ती काढता काढता अंधार पडला, आणि शिडाच्या टोकाला बसलेला गाळाचा डाग कितीही धुतला तरी गेला नाही. ते शीड पुढे दर कोजागिरीला गच्चीच्या कठड्यावर, खुर्च्यांमागे पडदा म्हणून लावलं जाऊ लागलं, डाग बरोबर मधोमध येईल असं.

"अहो, मी ओरडून सांगत होते, सोडा म्हणून," वहिनी दर वर्षी म्हणायच्या.

"तू नुसतं सोडा म्हणालीस. काय सोडा, ते कुठे म्हणालीस?"

हसण्यावारी गेलं असतं, पण गेलं नाही. ड्रॉइंग ऑफिसवाल्यांनी त्याच रात्री भेळेच्या कागदावर यादी केली: कुठल्या दोराला काय म्हणायचं, हाक देताना आधी दोराचं नाव आणि मग काय करायचं ते. झोतात ओरडलेलं अर्धंच ऐकू येतं, म्हणून नाव आधी. पुढच्या मोसमात नवशिक्यांना होडीत बसण्याआधी ती यादी म्हणून दाखवावी लागे. मला विचाराल तर हे आमचं कपाहून मोठं उत्पन्न.

लोकरीच्या धाग्यांचं लवकर सांगून टाकतो. शिडाच्या दोन्ही अंगांना धागे चिकटवतात. दोन्ही सरळ मागे उडत असतील तर शीड बरोबर. वाऱ्याकडचा फडफडला तर होडी वाऱ्याच्या फार तोंडावर गेली, पलीकडचा गळाठला तर दोर फार आवळला. आमच्याकडे कायम पलीकडचाच गळाठलेला. आवळून धरलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

आणि ओरडणं! डाव्या बाजूने वारा घेऊन जाणाऱ्या होडीने उजव्या बाजूने वारा घेतलेलीला वाट द्यायची, हा पहिला नियम. त्यामुळे पाण्यावर सारखं "स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!" (म्हणजे उजवी बाजू) चालायचं, आणि काठावर कणसं खाणाऱ्यांना वाटायचं कोणीतरी बुडतंय. या खेळात अंगावर शिट्टी फुंकणारा पंच नसतो. मार्कला, म्हणजे ज्याला वळसा घालायचा त्या तरंगत्या खुणेला, स्पर्श झाला तर स्वतःहून एक गिरकी घ्यायची, दुसऱ्याची वाट अडवली तर दोन. आपण चुकलो हे आपणच, जिंकत असताना, भर वाऱ्यात ठरवायचं. सुरुवातीच्या वर्षांत असं कोणी ठरवत नसे. सगळी भांडणं काठावर यायची आणि तिथून कोजागिरीला. मग गच्चीवर चपला मांडून होड्या व्हायच्या, झाडूचा दांडा म्हणजे वारा, आणि दुधाचा पेला म्हणजे मार्क.

यात हळूहळू एक गोष्ट झाली. गच्चीवर आपली चूक सगळ्यांच्या हसण्यात बाहेर येणारच आहे, हे कळल्यावर पाण्यावर ती लपवण्यात राम उरला नाही. लोक न भांडता गिरक्या घेऊ लागले. टूलरूममधला एक जण तर समोरच्याने हाक मारायच्या आतच वळायला लागला. त्याचं म्हणणं, वहीत यायचंच आहे तर निदान नीट यावं.

मधे दोन वर्षं ही वही बिघडलीही. कोणीतरी सुचवलं की उत्तम चुकीला बक्षीस ठेवू या: गोडेतेलाचा प्लास्टिकचा कॅन तिरका कापून केलेलं पाणी उपसायचं भांडं, त्याला सोनेरी रंग दिलेला. झालं. लोक चुका रंगवून सांगू लागले, काहींनी तर करूनही दाखवल्या असाव्यात. कमांडरसाहेबांनी एका कोजागिरीला ते भांडं मुकाट्याने उचललं आणि होडीत ठेवून दिलं. ते गळत नाही, हे त्याचं खरं कौतुक.

आता गुरुवारच्या शर्यती होत नाहीत. सिंहगड रस्त्यावरून संध्याकाळी पाचच्या आत पाण्यावर पोहोचणं अशक्य झालं, आयटीवाल्या नव्या सभासदांना चार वाजता सटकताही येत नाही. कोजागिरी मात्र होते आणि जुनी वही वाचली जाते. कोणाची चूक ते आता विचारावं लागत नाही, तरी सगळे एकदम नाव घेतात.

गेल्या खेपेला पान निघालं ते मार्कपाशी झालेल्या एका जुन्या टकरीचं. बाहेरच्या होडीत बँकवाले काका होते. आतल्या होडीला जागा दिली नाही म्हणून तेव्हा तेच दोषी ठरले होते. नोंद चोख होती: आतली होडी मागून येऊन मार्कपासूनचं अंतर अडीच होड्यांचं असताना बाजूला लागली. तेव्हा जागा मागायचं क्षेत्र मार्कपासून होडीच्या दोन लांबींचं, आणि त्यात शिरायच्या आधी बाजूला लागलेल्या होडीलाच जागा, त्यामुळे ती वेळेत पोहोचली होती. वाचन सुरू असताना फाउंड्रीवाल्या काकांची नात, जी मुंबईला ऑप्टिमिस्ट ही मुलांची छोटी शिडाची होडी चालवते, मधेच म्हणाली, "पण आजोबा, २००९ पासून ते क्षेत्र तीन लांबींचं आहे. अडीचला आलेल्या होडीला जागा मागताच येत नाही."

बँकवाले काका उभेच राहिले. त्यांना फेरसुनावणी हवी होती. कमांडरसाहेब म्हणाले, त्या दिवशीची शर्यत त्या दिवशीच्याच नियमाने. काका म्हणाले, मग निदान निकालाशेजारी नव्या नियमाची टीप लिहा. नियम दर चार वर्षांनी बदलतात, प्रत्येक वेळी टिपा लिहायला वही पुरायची नाही, असं गणिताच्या बाईंनी सांगितलं. शेवटी चपला मांडायचं ठरलं. काकांनी या वेळी आपल्या होडीसाठी मुद्दाम कोऱ्या कोल्हापुरी निवडल्या, आणि त्या ज्यांच्या होत्या त्या वहिनींनी द्यायच्या आधी विचारलं, "कलंडणार नाही ना तुमची?"